कात्रीनं तोडलेलं वचन

दर डिसेंबरमध्ये आमच्या चर्चसाठी वचनाच्या चिठ्ठ्या मी लिहिते. आष्ट्याच्या आमच्या छोट्या मंडळीत ही पद्धत माझ्या लहानपणापासून आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळची उपासना संपली की पाळकसाहेब पितळी डबा घेऊन पुढे उभे राहतात आणि म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या लेकरांपर्यंत प्रत्येकजण त्यात हात घालून एक सुरळी उचलतो. तिच्यावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन असतं. ते त्या माणसाचं वर्षाचं वचन. कुणी ते पाकिटात ठेवतं, कुणी मोबाइलच्या कव्हरमागे. आमच्या शेजारणीनं एका वर्षी मिक्सरवर चिकटवलं होतं. नियम एकच. एकानं एकच चिठ्ठी काढायची, आणि आवडली नाही म्हणून बदलून मागायची नाही.

हल्ली फोनवर रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्रासकट डझनभर वचनं येतात. ती मी वाचते आणि पुसून टाकते, फोन भरतो म्हणून. सुरळीचं तसं होत नाही. ती आपल्या हातानं उचललेली असते, त्यामुळे वर्षभर पाठ सोडत नाही. रागावलात तरी सूर्य मावळायच्या आत राग सोडा, अशा अर्थाचं वचन मला एकदा आलं होतं. त्या वर्षी आमचे हे संध्याकाळी पाच वाजले की मुद्दाम भांडण उकरून काढायचे. सूर्यास्ताला माफी मिळणार याची त्यांना खात्री असायची.

मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते कुणाला हात लावू दिलं नाही, हेही सांगून टाकते. मोठ्या कागदांवर वचनं एकाखाली एक लिहायची, मग कात्रीनं पट्ट्या कापायच्या आणि सुरळ्या करायच्या. डब्यात फक्त दिलासा देणारी, बळ देणारी, फार तर कान धरणारी वचनं घालायची. शापाची, मरणाची नाहीत. हे न लिहिलेलं पथ्य होतं आणि वीस वर्षांत माझ्याकडून ते कधी मोडलं नव्हतं.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात ते मोडलं. मला जुन्या करारातल्या त्या आजारी राजाची गोष्ट घालायची होती. संदेष्टा त्याला येऊन सांगतो की घराची निरवानिरव कर, तू आता जगणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. तेव्हा देव म्हणतो, तुझी प्रार्थना मी ऐकली, तुझे अश्रू पाहिले, तुझ्या आयुष्यात पंधरा वर्षं आणखी घालतो. डब्यात जायला हवं होतं ते हे शेवटचं. पण संदर्भाशिवाय वचन देऊ नये, ही माझ्यातल्या मास्तरणीची खोड. मी आधीचंही थोडं वर लिहिलं, एक ओळ सोडली आणि खाली पुढचं लिहिलं. आणि कापताना, मन कुठे होतं कोण जाणे, सोडलेल्या ओळीतूनच कात्री चालवली. एकाच्या दोन सुरळ्या झाल्या. एकीत मरण, दुसरीत पंधरा वर्षं.

मला याचा पत्ताच नव्हता. मी माझी स्वतःची चिठ्ठी वाचण्यात गुंग होते. माझ्या तोंडावर पहारा ठेव, अशी विनवणी होती तिच्यात. ह्यांनी ती वाचून आमेन जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं.

फेब्रुवारीत एका घरी बायकांची प्रार्थनासभा होती. गीत चालू असताना मावशी बसल्या जागी कलंडल्या. मावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई. लग्न केलं नाही. अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुया टोचलेल्या आहेत, मलाही. वय अठ्ठ्याहत्तर. मी बासष्टची झाले तरी मला पोरी म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. त्यांना आम्ही सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, नाडी फार मंद चालते, मधेच थांबते, आठ-पंधरा दिवसांत पेसमेकर बसवून घ्या. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले आणि नको म्हणाल्या.

मला वाटलं, घाबरल्या असतील. दोन दिवसांनी त्यांना समजवायला गेले. त्या आत चहा करत होत्या आणि मी कपाटातून बशा काढायला दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला भाताच्या शितानं माझ्या अक्षरातली पट्टी चिकटवलेली होती. घराची निरवानिरव कर, तू आता जगणार नाहीस. तेवढंच. खाली कात्रीची तिरकी कड.

कपाट जवळजवळ रिकामं होतं. चांगल्या साड्या, पितळेची भांडी, नर्सिंगची जुनी पेटी, सगळं त्या महिनाभर वाटत सुटल्या होत्या आणि आम्ही सगळ्या बायका म्हणत होतो की मावशी किती मोठ्या मनाच्या. मला स्वतःला एक चिनी मातीची बरणी मिळाली होती. लोणच्याची. मी ती हसत हसत घरी नेली होती.

चहा कसाबसा संपवला आणि तशीच चर्चमध्ये गेले. डब्यात उरलेल्या आठ-दहा सुरळ्या एकेक उलगडल्या. पंधरा वर्षांची सुरळी तिथेच पडून होती. कुणाच्याच हाताला लागली नव्हती.

आता खरं तर धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी दहा दिवस गप्प बसले. का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. वीस वर्षं ज्या कामाचा तोरा मिरवला त्यात अशी चूक, आणि तीही एका बाईच्या जिवावर उठलेली, हे माझ्या तोंडातून निघेना. त्यावर मी माझंच वचन पुढे केलं. देवानंच तर तोंडावर पहारा ठेवायला सांगितलंय ना, मग आपण कोण बोलणार. मनाशी असं अगदी गंभीरपणे म्हणायचे आणि स्वयंपाकाला लागायचे. शास्त्राच्या मागे लपता येतं हे मी तोवर दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. स्वतःला लपताना पाहिलं ते त्या दहा दिवसांत.

अकराव्या दिवशी दूध घ्यायला गेले तर मावशी दुकानाच्या पायरीवर मनगटावर बोटं ठेवून बसल्या होत्या. स्वतःची नाडी मोजत होत्या. ओठ निळसर. मला बघून म्हणाल्या, "अडतीस." एवढंच. मी त्यांना हाताला धरून घरी नेलं आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

"मावशी, तुमची चिठ्ठी अर्धी आहे. चूक माझी. पुढचं माझ्याकडून कापलं गेलं."

त्यांनी समोर मेथीची जुडी ओढली आणि निवडायला घेतली. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"चर्चची पायरी उतरत हुते तवापासनं. उपदेशकाची लेक हाय मी, पोरी. त्यो अध्याय बाबांनी आमच्याकडनं तोंडपाठ करून घेतला हुता. फुडं काय हाय, मला ठावं न्हाई व्हय?"

मी खालीच बसले. मग डॉक्टरांना नाही का म्हणालात, असं विचारलं तेव्हा माझा आवाज बराच चढला असावा, कारण त्यांनी एक पान उगाच दोनदा खुडलं.

"फुडचं कुणाला मिळालं? राजाला. त्यो भिंतीकडं तोंड करून रडला, मग मिळालं. मला रडायलाच येत न्हाई. आन् निरवानिरव तर मी केलीच न्हाई. भांडी वाटली, लुगडी वाटली. जे करायचं त्येवढं सोडून समदं केलं." मेथीची काडी बाजूला टाकत म्हणाल्या, "दवाखान्यात त्या फारमावर नातेवाइकाची सही मागत हुते. मी म्हनलं, मला कुणी न्हाई. धडधडीत खोटं बोलले."

मग उठून त्यांनी ट्रंकेतून टॉवेलात गुंडाळलेलं त्यांच्या घरचं जुनं शास्त्र काढलं. आमच्या लोकांच्या घरी असं एक असतंच. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहून ठेवतात. ते पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. वडलांच्या सुरेख वळणदार अक्षरात आई-वडलांची नावं, मग मावशींचं, मग त्याखाली आणखी एका मुलीचं. त्या शेवटच्या नावावर काळ्या शाईची एक रेघ मारलेली होती.

मावशींना धाकटी बहीण होती हे मला तेव्हा कळलं. चाळीसेक वर्षांपूर्वी ती खटावकडच्या एका धनगर घरातल्या मुलाबरोबर लग्न करून वडूजला गेली. तिकडे पाऊस कमी, मेंढरं पाठीशी घेऊन वर्षातले कैक महिने फिरणारं ते कुटुंब. ती एस्टीत बसून गेली त्या दिवशी मावशींनी तिचं नाव खोडलं. वडलांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी नंतर ते पान पाहिलं, मिटलं आणि मरेपर्यंत त्या पुस्तकात पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही. आईच्या मातीलाही बहिणीला कळवलं नाही. दर नाताळला मात्र एक फोन यायचा. मावशी उचलायच्या, पलीकडून "आक्का" ऐकू आलं की ठेवून द्यायच्या. नंबर तेवढा त्यांनी जपून ठेवला होता.

परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, हे आम्ही दर दोन रविवारांआड गातो. खराखुरा मेंढपाळ जावई म्हणून आला तर आम्ही शाईची दौत काढतो. हे मी मोठ्यानं म्हटलं नाही. त्या दिवशी पहारा खरंच उपयोगी पडला.

"मी मरायला भीत न्हाई," मावशी म्हणाल्या. "तिच्याफुडं जायला भीते. म्हनून मरान बरं वाटत हुतं. सोपं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वडूजला निघालो. मी गाडी करू म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. ती एस्टीनं गेली होती, मीही एस्टीनंच जाणार, असा हट्ट. मांडीवर टॉवेलातलं शास्त्र, आणि मनगटावर बोटं. मलकापूर आलं, कराडच्या स्टँडवर गाडी बदलली. दर थोड्या वेळानं त्या मला आकडा सांगायच्या. चाळीस. अडतीस. एकदा नुसतीच मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत होते आणि आतल्या आत देवाशी भांडत होते. माझ्या पर्समध्ये दुसरी सुरळी होती. निघताना ती मी मावशींना देऊ केली होती. त्या म्हणाल्या होत्या, "एकानं एकच काढायची. नेम हाय."

वडूजच्या स्टँडवर उतरल्यावर फोन मीच लावला. तुमच्या आक्का आल्या आहेत, असं सांगितलं. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं, आता हिनंही फोन ठेवला. मग आवाज आला, "आवं, तिथंच थांबा. हलू नगासा." वीस मिनिटांत एक टेम्पो आला. मुलगा चालवत होता आणि शेजारी डोईवर पदर घेतलेली, मावशींचंच नाक असलेली एक बाई बसली होती. ती उतरली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. धाकटीनं पुढे होऊन आधी पिशवी घेतली आणि म्हणाली, "लय वाळलीस."

घर गावाबाहेर, ज्वारीच्या शिवाराला लागून. मागे काटेरी कुंपणात पंधरा-वीस मेंढरं. घरात देव्हारा होता, त्यात त्यांच्या घराण्याचे टाक होते आणि वरच्या फळीवर बहिणींच्या वडलांचा फोटो होता. सुनेनं बाजरीच्या भाकरी वाढल्या. मावशींनी सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना पुटपुटायला लागल्या. तिसऱ्या शब्दाला मला दुसरा आवाज ऐकू आला. धाकटी बहीण तीच प्रार्थना म्हणत होती. कुठल्याही पुस्तकातली नव्हती ती, त्यांच्या वडलांनी स्वतः केलेली, विहिरीच्या पाण्याचे आणि चुलीच्या विस्तवाचे आभार मानणारी. चाळीस वर्षांत एकदाही एकत्र न जेवलेल्या त्या दोघी एकाच शब्दाला थांबल्या आणि एकदमच आमेन म्हणाल्या. सून शांतपणे आमटी वाढत होती. तिला ते रोजचंच होतं.

जेवणं झाल्यावर मावशींनी टॉवेल सोडला. पान उघडून बहिणीच्या मांडीवर ठेवलं. इतक्या वाटेत मनाशी काय काय जुळवलं असेल, त्यातलं काही तोंडी आलं नाही.

बहिणीनं चष्मा मागवला. बराच वेळ पान बघितलं. मग नावावरच्या रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"ही तू मारलीस?"

मावशींनी मान हलवली.

"वाकडी आलीया," बहीण म्हणाली. "तुज्या सुया कंदी वाकड्या गेल्या न्हाईत, आक्का. हात कापत हुता तुजा."

मी ते पान आदल्या दिवशी पाहिलं होतं. मला रेघ दिसली होती. ती वाकडी आहे हे दिसलं नव्हतं. शाळेत पस्तीस वर्षं रेघा तपासून मला जे दिसलं नाही, ते जिचं नाव खोडलं होतं तिला पहिल्या नजरेत दिसलं.

मावशी बाजेवर आडव्या झाल्या आणि कूस बदलली. बाज भिंतीला लागून होती. त्यांचं तोंड भिंतीकडे झालं आणि खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, झटका आला. मी उठले, तर बहिणीनं हातानं मला खाली बसवलं. तेव्हा आवाज फुटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती करारी बाई लहान मुलीसारखी रडत होती, पोपडे आलेल्या निळ्या भिंतीकडे बघत. आणि मी तिथे कोपऱ्यात बसून होते. मी हे वाक्य लिहिलं होतं. मी ते कापलं होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या एका राजानं जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोर, ज्वारीच्या शिवारात, दुपारी दोन वाजता घडत होतं. मला भीती वाटली, खरंच सांगते. चर्चमध्ये वाटते तशी नाही. कुणीतरी खोलीत आलेलं आहे आणि आपण पदर सावरून बसायला हवं, तशी.

रडणं थांबल्यावर मावशी तोंड न वळवता म्हणाल्या, "सांगलीला कवा जायाचं?"

लगेच, म्हणून बहिणीनं उत्तर दिलं आणि साडी बदलायला आत गेली. त्याच टेम्पोनं आम्ही चौघं निघालो. जाण्याआधी तिनं ते पान पुन्हा उघडलं, पेन मागितलं आणि खोडलेल्या नावाखाली मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं एकेक लिहून काढली. आपलं नाव मात्र तिनं पुन्हा लिहिलं नाही. रेघेखालून वाचता येतंय की, म्हणाली. मी न राहवून पर्समधली सुरळी काढली आणि त्या पानात सारून दिली. मावशींनी पाहिलं. नियम सांगितला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. छोटीशी पेटी गळपट्टीच्या हाडाखाली बसणार, दोन दिवसांत घरी. बॅटरीबद्दल विचारलं ते मावशींनीच, नर्सच्या चौकसपणानं. डॉक्टर म्हणाले, दहा वर्षं तर धरूनच चाला. नीट चालली तर पंधरा.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. डॉक्टरांना वाटलं असेल, आम्हाला आकडा कमी वाटला, म्हणून ते घाईनं म्हणाले की नंतर बदलताही येते.

कात्री माझीच होती, मन कुठेतरी भरकटलेलं होतं, आणि ती चूकच होती, हे मी आजही म्हणते. या डिसेंबरात मी प्रत्येक पट्टी दोनदा वाचून कापली. पण त्या रिकाम्या ओळीतून माझा हात कुणी नेला, हा प्रश्न मी आता स्वतःला फार जोरात विचारत नाही. उत्तर आलं तर मला सोसणार नाही, असं वाटतं.

मग नर्स फॉर्म घेऊन आली. तोच फॉर्म. नातेवाइकाची सही कोण करणार, असं तिनं विचारलं. मावशी खाटेवरून काही म्हणायच्या आत बहिणीनं पुढे होऊन तो घेतला, चष्मा नीट केला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून भरायला लागली. नाव लिहिलं, सरळ, सावकाश. त्याच्यापुढे नात्यासाठी एक बारकी चौकट होती. तिथे नुसतं बहीण लिहिलं असतं तरी चाललं असतं. तिनं सख्खी बहीण लिहिलं. अक्षरं चौकटीच्या बाहेर गेली, ती तिनं तशीच राहू दिली.